आपानं शिकवलेलं इंग्रजी

माझ्या तोंडात आज जेवढं इंग्रजी आहे, ते एका बाईनं घातलेलं आहे. आधी तिचं सांगते, मग माझं. उलटं सांगितलं तर ती माझ्या गोष्टीत कुणीतरी मदतीला आलेली वाटेल, आणि तसं नाही.

वाळूजला आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी ती अकरा वर्षं उभी होती. सगळी लाइन तिला आपा म्हणायची, साहेब लोकसुद्धा. शहरातली, जुन्या वस्तीतली. शाळा आठवीपर्यंत. लहानपणी तिच्या अब्बांचा मकबऱ्याच्या रस्त्याला टेबलाएवढा ठेला होता. दगडाचे हत्ती, चित्रांची कार्डं, असलं सामान. शाळा सुटली की ती ठेल्यामागं खोक्यावर बसायची आणि गोऱ्या पाहुण्यांचं बोलणं ऐकायची. सुटा शब्द एकही कळायचा नाही. पण कुठलं वाक्य बोलून माणूस थांबतो आणि कुठलं बोलून चालू लागतो, हे तिला हळूहळू समजायला लागलं. ‘जस्ट लुकिंग’ म्हणणारा निदान उभा राहतो. ‘हाउ लव्हली’ म्हणणारी बाई हत्ती हातात घेते, दोनदा फिरवते आणि हमखास खाली ठेवते. आणि ‘मेबी लेटर’ ऐकलं की अब्बा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचे, कारण ते ‘नंतर’ कधी उगवायचंच नाही.

“नक्को बोलना उनकू जमता नै,” आपा मला सांगायची. “म्हणून ते ‘नाही’ गुंडाळून देतात. तू गुंडाळलेलं बघू नको, आत काय आहे ते बघ.”

असं तिचं इंग्रजी. पुस्तकातून नाही, व्याकरणातून नाही, माणसाच्या पायांकडं बघून शिकलेलं.

आता माझं. आमचं गाव देगलूरच्या पुढं, जिथून इथं यायला एसटी दोनदा बदलावी लागते. घरी मेंढरं. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन निघायचो ते आभाळ भरून यायला लागलं की परतायचो. तोवर शाळेत उरलेलं निम्मं पुस्तक शिकवून झालेलं असायचं. सातवीच्या मध्ये शाळा सुटली ती सुटलीच. एकोणीस वर्षांची असताना गावातल्या एका बाईच्या ओळखीनं ठेकेदाराकडं नाव लागलं आणि मी वाळूजशेजारी बजाजनगरला आले. चार मुलींत एक खोली. निघताना भाऊ म्हणाला होता, “एक वरीस बघ. काम सुटलं की त्याच गाडीनं परत यायचं. मग पुढचं आम्ही ठरवतो.” पुढचं म्हणजे लग्न, हे त्यानं बोलायची गरज नव्हती. त्यामुळं कामावर जरा कुणी मोठ्यानं हाक मारली तरी मला वाटायचं, झालं, सुटलं काम.

काम होतं रबरी सील तपासायचं. गाडीच्या आत बसणाऱ्या काळ्या गोल रिंगा. एकेक उचलायची, उजेडात फिरवायची, गेजमध्ये घालून माप बघायचं, चांगली एका ट्रेमध्ये, खराब लाल ट्रेमध्ये. हात बसला की डोकं रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्यात भीती राहायला येते.

पहिल्या महिन्यात परदेशातले पाहुणे लाइन बघायला आले. त्यातली एक बाई माझ्यासमोर थांबली, हसली आणि काहीतरी बोलली. मी ट्रे तसाच टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. लाइन थांबली माझ्यापायी. थोड्या वेळानं बाहेरून आपाचा आवाज आला.

“छोरी, भागी कैकू? वो बाई तेरेकू खाती क्या?”

“आपा, ती काय बोलली मला कळलं नाय.”

“मला तरी कुठं सगळं कळलं! ती म्हणाली, हाउ आर यू गेटिंग ऑन. म्हणजे बरं चाललंय ना. आपल्याकडं म्हणत नाहीत का, काय पाहुणे, बरं हाय ना? त्यावर तू पळतीस का?”

“नाय.”

“मग? उघड कडी. तिला वाटलं तुझं पोट बिघडलंय. गोळी काढून बसलीय बिचारी पर्समधून.”

मी हसले. कारखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसले असेन.

त्या दिवसापासून तिनं मला धरलं. चहाच्या सुट्टीत, डबा खाताना, कंपनीच्या बसमध्ये. रोज एक वाक्य, जास्त नाही. माझ्याकडं वही होती, तिनं ती बंद करायला लावली. “लिहिलं की तू अक्षरं बघत बसशील. कानानं घे. अख्खं घे. तोडून चावू नको.” मला ते लगेच पटलं. माझा बा मेंढरांना हाळी घालतो ती कुठल्या पुस्तकात नाही, तिचे तुकडे पाडले तर काहीच उरत नाही, पण आठ दिवसांचं कोकरू तिच्यावर मान वळवतं. मी आपाला हे सांगितलं तर ती म्हणाली, “हौ, तसंच. फक्त इथं कोकरू तू.”

ती मला वाक्य द्यायची आणि सोबत ते कुठं चालतं त्याची जागा द्यायची. ‘नॉट टू वरी’ हे समोरच्याच्या हातून काही सांडलं तर. ‘बेअर विथ मी’ हे आपल्याला शोधायला वेळ लागतोय आणि समोरचा घड्याळ बघतोय तेव्हा. ‘आय’म अफ्रेड’ हे मला लई आवडलं. म्हणे हे लोक काही वाईट सांगायचं असलं की आधी मला भीती वाटते असं म्हणतात, आणि भीती तर त्यांना कशाचीच वाटत नसते. मी म्हणाले, “आपा, हे माझंच वाक्य हाय.” ती म्हणाली, “म्हणून तर तुला शोभत नाही. तू बोललीस तर खरं वाटेल.”

एक वाक्य मात्र तिनं देताना हात आखडता घेतला. ‘टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज.’ माझ्या माहितीप्रमाणं. पाहुणे काही विचारतात आणि आपल्याला अर्धवट ठाऊक असतं, तेव्हा हे आधी लावायचं, म्हणजे खोटंही होत नाही आणि पक्कंही होत नाही.

“पण ह्याला संभाळून वापर,” ती म्हणाली. “खरंच माहीत नसेल तेव्हाच. माहीत असताना वापरलंस तर हे वाक्य नाही, बुरखा आहे. आणि बुरख्याचं मला नको सांगू, मी रोज घालून येते. त्याच्या आत कोण आहे ते आतल्याला ठाऊक असतं.”

लाइनवरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले.

वर्ष संपलं. भाऊ आला नाही, मी गेले नाही. माझ्या टेबलासमोर पाहुणा थांबला तर आता मी उभी राहून उत्तर द्यायचे. साहेब दुसऱ्यांना दाखवायचे, “बघा, सातवी शिकलेली मुलगी.” मला ते ऐकून बरं वाटायचं आणि आपाला माझ्याहून बरं वाटायचं.

त्या वर्षी कारखान्यात प्रशिक्षणाची खोली झाली. नव्या मुलींना लाइनवर सोडायच्या आधी आठ दिवस तिथं शिकवायचं, काम आणि पाहुण्यांसमोर बोलायची चार वाक्यंसुद्धा. शिकवायला एक बाई लागणार होती. खुर्ची, फळा, पंखा, आणि दिवसभर उभं राहणं नाही. ती जागा आपाची, हे कुणी जाहीर केलं नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं. अकरा वर्षं उभं राहून तिचे गुडघे गेले होते. जिना उतरताना ती आडवी होऊन एकेक पायरी उतरायची, खेकड्यासारखी, आणि वरून स्वतःच म्हणायची, “हटो, खेकडा आला.” खोलीचा रंग चालू होता तेव्हा ती डबा घेऊन दोनदा तिथं जाऊन बसून आली. फळ्याची उंची बघितली. मला म्हणाली, “खाली लिहायला वाकावं लागेल. मी वरच्या निम्म्यातच लिहीन.”

फक्त मोठं ऑडिट व्हायचं होतं. त्यानंतर नेमणूक.

ऑडिट म्हणजे गिऱ्हाईक कंपनीचा माणूस परदेशातून येतो आणि दोन दिवस सगळं उघडून बघतो. आमच्या टेबलावर त्याला बघायला असतो एक तक्ता. गेज बरोबर माप दाखवतंय ना, हे दर दोन तासांनी एका ठरलेल्या पोलादी तुकड्यावर तपासायचं आणि तक्त्यावरच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. आठ, दहा, बारा, दोन. मिनिटाचं काम. गेज चुकीचं असेल तर आपण दोन तास चांगलं म्हणून पाठवलेलं सगळं खराब असू शकतं, म्हणून ते मिनिट महत्त्वाचं. माझ्या टेबलावर ते मी करायचं. सगळ्या टेबलांचे तक्ते शेवटी आपाच्या नावावर, कारण लाइनची जबाबदारी तिची.

त्या सकाळी मी आठचं केलं. दहाचं केलं नाही.

का केलं नाही, ते मला नीट ठाऊक आहे. मी पाठांतर करत होते. ओठ हलवत, रिंग फिरवत, मनात वाक्यं लावत होते, पाहुण्यानं हे विचारलं तर हे, ते विचारलं तर ते. साहेबांनी कौतुक केलेली मुलगी अडखळली तर कसं दिसेल, ह्याच काळजीत मी होते. बोलायची तयारी करता करता ज्याबद्दल बोलायचं ते कामच राहून गेलं. साडेदहाला तो माणूस माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आपण अगदी तयार आहोत.

उंच होता, केस पांढरे, आवाज मऊ. त्यानं आधी विचारलं, कसं चाललंय. मी उत्तर दिलं. खराब नग सापडला तर काय करता. उत्तर दिलं. साहेब त्याच्या मागं उभे राहून मान डोलवत होते. मग त्यानं तक्ता उचलला, आणि दहाच्या चौकोनावर बोट ठेवलं. चौकोन रिकामा.

त्याचा प्रश्न मला पूर्ण कळला. कळला नाही असं म्हणायला मला जागा नाही. गेज दहाला तपासलं का, एवढंच त्यानं विचारलं होतं.

साहेबांची मान डोलायची थांबली होती. मला देगलूरची एसटी दिसली. मराठीत विचारलं असतं तर माझ्या तोंडून ‘विसरले’ हेच आलं असतं, कारण मराठीत मला दुसरं काही पटकन सुचत नाही. आमच्या घरात चूक झाली की रडायचं आणि कबूल करायचं, एवढंच शिकवलं होतं. पण इंग्रजीत माझ्याजवळ वाक्यं तयार होती. सुबक, घडी घातलेली. त्यातलं एक माझ्या हाताला आलं.

“टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज, इट वॉज चेक्ड,” मी म्हणाले. “माय सीनिअर कीप्स द रेकॉर्ड.”

म्हणजे, माझ्या माहितीप्रमाणं तपासलेलं आहे, नोंद माझ्या वरिष्ठ बघतात. न अडखळता. आवाजसुद्धा हलला नाही. साहेबांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

आपाला बोलावलं. ती लाइनच्या दुसऱ्या टोकाहून तिच्या चालीनं आली. तिनं तक्ता बघितला. चौकोन बघितला. मग माझ्याकडं बघितलं, फार नाही, रिंग उजेडात फिरवायला लागतो तेवढाच वेळ. मी खाली बघितलं.

ती त्या माणसाला म्हणाली, “इट वॉज नॉट डन. दॅट्स ऑन मी.”

झालेलं नाही, आणि ते माझ्यावर. हे वाक्य तिनं मला कधी शिकवलं नव्हतं.

आठपासूनच्या सगळ्या खोक्यांवर लाल पट्टी लागली. दुपारभर पुन्हा तपासणी. मी आणि आपा एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होतो. गेज बरोबर होतं. एकही नग खराब निघाला नाही. मला वाटलं आता ती काही बोलेल. ती म्हणाली, “तुझा डबा राहिलाय. जा, खाऊन ये.” मी म्हणाले, “भूक नाय.” ती म्हणाली, “भुकेचा आणि ह्याचा काय संबंध? जा.” मी गेले. भाकरी तोंडात फिरत राहिली.

त्या माणसानं जाताना अहवालात ते लिहिलं. वर जाब विचारला गेला. तक्ता आपाच्या नावावर होता, आणि तिनं सगळ्यांसमोर स्वतःच कबूल केलं होतं. तिला लाइनवरून काढून पॅकिंगला टाकलं. पॅकिंग म्हणजे पुन्हा उभं राहणं, आणि वर खोकी उचलणं.

पंधरा दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, “ऑडिटला तू जे उत्तर दिलंस ना, ते बघून मी ठरवलं. घाबरली नाहीस. नव्या मुलींना असंच शिकवायचं.” प्रशिक्षणाची खोली मला दिली.

मी तिथं खरं बोलू शकत होते. समोर साहेब होते, दार बंद होतं, मराठीत बोलणं चाललं होतं. मी म्हणाले, “थँक यू फॉर द ऑपॉर्च्युनिटी, सर.” हे वाक्यही आपानंच दिलेलं, प्रशिक्षणाची खोली मिळेल तेव्हा म्हणायला तिनं घोकलं होतं आणि घोकताना मला ऐकवलं होतं.

पहिल्या दिवशी खोलीत गेले तर आपा दारात. मला वाटलं, आता बोलेल. तिच्या हातात कागदाची पुडी होती, मिठाईची.

“ले. तोंड गोड कर. आणि ऐक, मुलींना पहिल्या दिवशी वाक्यं नको देऊ. हाताचं काम दे. हात थांबला की भीती वाटते, भीती वाटली की इंग्रजी पळतं.”

“आपा, ही जागा तुमची होती.”

“थी ना. आता तुझी. फळा नीट पूस, डाग राहतात.”

मी मिठाई खाल्ली. आणि ह्याहून वाईट सांगते. त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याकडं जात राहिले, पॅकिंगला, वाक्यं मागायला. मुलींना शिकवायला माझ्याजवळचं संपत यायचं तशी मी जायचे. ती खोक्याला पट्टी मारता मारता द्यायची. एकदा मी म्हणाले, पाहुण्याला चहासाठी कसं विचारायचं. ती म्हणाली, “‘कॅन आय गेट यू समथिंग’ म्हण. आणि मला पण विचारत जा कधी, पॅकिंगवाल्यांना चहा थंड येतो.” शेजारच्या बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी मी थर्मास घेऊन गेले. तेवढंच. चहाचा थर्मास.

घरी सगळे खूश. भाऊ गावात सांगतो, बहीण कंपनीत मॅडम हाय. लग्नाचं आता तो मला विचारून बोलतो. माझं जे काही चांगलं झालं, ते सगळं त्या एका रिकाम्या चौकोनातून झालं, हे घरी कुणाला माहीत नाही. बा फोनवर विचारतो, “बरं हाय ना?” मी म्हणते, “बरं हाय.” त्या ‘बरं हाय’मध्ये मी किती काय गुंडाळते, हे त्याला कळत नाही. त्यानं मकबऱ्याच्या रस्त्यावर ठेला लावलेला नाही.

गेल्या ईदला आपानं घरी बोलावलं. तिच्या सुना स्वयंपाकघरात, ती पलंगावर पाय लांब करून, गुडघ्यांना गरम कापड बांधलेलं. शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात. काय झालं कोण जाणे, मी एकदम बोलून टाकलं. दहाचं गेज मी तपासलं नव्हतं. विसरले होते. माहीत असून ते वाक्य वापरलं. माहीत होतं की ते तुमच्यावर येईल. शेवटचं वाक्य बोलताना मला हुंदका आला, कारण तोवर ते मी स्वतःलाही असं सांगितलं नव्हतं.

आपानं मला रडू दिलं. मग म्हणाली, “शिरखुर्मा ठंडा हो रहा.”

“आपा, काहीतरी बोला की.”

“काय बोलू? मेरेकू मालूम था. तुझी खूण मी वर्षभर रोज बघत होते. तू दहाची खूण कधी नंतर मागून भरत नाहीस. चौकोन रिकामा म्हणजे केलंच नाही.”

“मग तिथं का नाय सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुला त्याच दिवशी गेटबाहेर केलं असतं. ठेकेदाराकडची पोरगी तू, तुला कोण ठेवतं? मला नुसतं हलवलं. मला वाटलं होतं, पोरगी दोन-चार दिवसांत जाऊन सांगेल साहेबांना. तेवढा वेळ दिला तुला.”

दोन-चार दिवस. मी दोन वर्षं घेतली होती.

मी विचारलं ते वाक्य कुठं शिकलात, दॅट्स ऑन मी. ती म्हणाली, लहानपणी. एका गोऱ्या म्हातारीच्या हातून दगडाचा हत्ती पडला, सोंड तुटली. अब्बा म्हणाले, राहू द्या, म्हातारी माणूस तुम्ही. म्हातारी तेवढं वाक्य बोलली आणि तुटका हत्तीच विकत घेऊन गेली. “चांगला बदलून देत होते अब्बा, तो घेतला नाही,” आपा म्हणाली. “तेव्हा कळलं, ह्या वाक्यानंतर माणूस काय करतो.”

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय आखडले. “ये नक्को. आणि मला सांगून तू काय मोकळी होतीस? मी तर आधीच जाणते. ज्याला माहीत नाही त्याला जाऊन बोल.” एवढं बोलून तिनं सुनेला हाक मारली आणि माझ्या वाटीत आणखी वाढायला लावलं.

तेव्हापासून मी साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेले आहे. एकदा ते फोनवर होते. एकदा नव्हते फोनवर, मीच परत फिरले. आधी मी इंग्रजीत मेल लिहायला घेतला होता. चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी तो इतका नीटनेटका व्हायचा की वाचणाऱ्याला कुणी काही केलंच नाही असं वाटावं. तो पुसून टाकला. आता मराठीत लिहिलंय, पाच ओळी. मी दहाला गेज तपासलं नाही. मी विसरले. विचारल्यावर मी खोटं बोलले. आपांचा काही दोष नव्हता. प्रशिक्षणाची जागा त्यांची आहे. कागद माझ्या पर्समध्ये आहे. मी अजून भिते, ते लपवत नाही. मी आता कंपनीत कायम आहे, मला बहुतेक काढणार नाहीत, तरी भिते. ‘बहुतेक’ ह्या शब्दाचीच भीती वाटते.

आपा, तुम्हाला मराठी वाचायचा कंटाळा आहे, म्हणून हे मी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, पण कागद साहेबांना दिल्यानंतर, आधी नाही. तुमची खुर्ची मी तुम्हाला परत देईन. पॅकिंगला जावं लागलं तर मी जाईन, माझे गुडघे अजून धड आहेत. किती दिवसांत, ते मला आज सांगता येत नाही, आणि तारीख सांगून मी तुम्हाला पुन्हा फसवणार नाही. एवढंच कबूल करते, की तुमच्या निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ देताना चार चांगले शब्द बोलून मी हे उरकणार नाही. तुम्ही कामावर आहात, पॅकिंगला उभ्या आहात, तेव्हाच, सगळ्या लाइनसमोर, मी हे फेडीन.